धागा: ग्राफिक्स ड्रायव्हर एकदा लिहायचा, अनेक ओएसवर चालवायचा: सांधा नेमका कुठे टाकायचा?

सांधेजोड

लिनक्सच्या डीआरएममधले (कर्नलातला, म्हणजे ओएसच्या गाभ्यातला, ग्राफिक्सचा भाग) आय915 (इंटेलसाठी), रेडिऑन आणि एएमडीजीपीयू (एएमडीसाठी) हे ड्रायव्हर आज फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी आणि ड्रॅगनफ्लाय या बीएसडी घराण्यातल्या ओएसवर वेगवेगळ्या आवृत्त्यांत चालतात. पण "कोड सामायिक आहे" म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळं चित्र असतं आणि वाद तिथूनच सुरू होतात. म्हणून आधी सांधा, म्हणजे सामायिक कोड आणि ओएसचा स्वतःचा कोड यांची जोड, टाकण्याच्या तीन जागा मांडतो.

पहिली जागा ड्रायव्हरच्या पोटात. हार्डवेअरचं ज्ञान ओएस-निरपेक्ष गाभ्यात ठेवायचं आणि प्रत्येक ओएससाठी भोवती पातळ कवच लिहायचं. डीआरएम आधी असंच होतं. एकाच रेपोत शेअर्ड-कोअर, लिनक्स-कोअर आणि बीएसडी-कोअर अशा डिरेक्टऱ्या होत्या. रजिस्टर लिहिणारा आणि कमांड तपासणारा कोड शेअर्ड-कोअरमध्ये, लॉक आणि मेमरीचे मॅक्रो दोन्ही बाजूंना. ड्रायव्हरचं काम रिंग बफर (कार्डाला कमांड देण्याची रांग) भरण्यापुरतं होतं तोवर हे निभावलं. मग जेम आणि टीटीएम हे ग्राफिक्स मेमरी सांभाळणारे भाग आले, मार्च 2009 मध्ये लिनक्स 2.6.29 बरोबर इंटेलचं मोडसेटिंग (पडद्याचं रिझोल्यूशन वगैरे लावणं) कर्नलात गेलं, आणि ड्रायव्हर पेज टेबल, वर्कक्यू, पॉवर मॅनेजमेंट या सगळ्यांत थेट हात घालू लागला. एवढं सगळं मॅक्रोंनी झाकता येत नाही. काम लिनक्सच्या मुख्य ट्रीत सरकलं आणि बीएसडी-कोअर मागे पडलं.

दुसरी जागा ड्रायव्हरच्या खाली. लिनक्सचा ड्रायव्हर जसाच्या तसा उचलायचा आणि त्याला लागणारं लिनक्सचं अंतर्गत एपीआय आपल्या कर्नलावर उभं करायचं. फ्रीबीएसडीचं लिनक्सकेपीआय, ओपनबीएसडीच्या डीआरएम डिरेक्टरीतली लिनक्स हेडर्स, नेटबीएसडीचं डीआरएम2, जेनोड या ओएस-चौकटीचं डीडीई लिनक्स ही सगळी याच जातीची. अशा थराला शिम म्हणतात.

तिसरी जागा ड्रायव्हरच्या वर, आयऑक्टलच्या (प्रोग्रामने ड्रायव्हरला आज्ञा देण्याचा सिस्टिम कॉल) रेषेवर. कर्नलात काहीही असो, मेसा या ग्राफिक्स लायब्ररीला तेच आयऑक्टल आणि तीच स्ट्रक्चर दिसली की ओपनजीएल आणि व्हल्कन या ग्राफिक्स एपीआयचा सगळा डोंगर फुकटात मिळतो.

माझं म्हणणं एवढंच: खालचा सांधा दर आवृत्तीला हलतो, कारण लिनक्स आपलं अंतर्गत एपीआय स्थिर ठेवायला बांधील नाही. वरचा सांधा हलत नाही, कारण वापरात असलेलं यूएपीआय (प्रोग्रामना दिसणारं कर्नलाचं एपीआय) मोडायचं नाही हा लिनक्सचा पक्का नियम आहे. म्हणून वरचा सांधा तंतोतंत पाळावा, खालचा दरवेळी नव्याने शिवायची तयारी ठेवावी, आणि ड्रायव्हरच्या पोटात शक्यतो सुरी घालू नये.

नवखा_पोर्टर

> ड्रायव्हरच्या पोटात शक्यतो सुरी घालू नये

पण एनव्हिडिया नेमकं पहिल्या जागेवरच काम करते ना? एकच गाभा लिनक्स, फ्रीबीएसडी आणि सोलारिसवर चालतो. मग ती पद्धत वाईट कशी?

सांधेजोड

वाईट नाही, पण ती मालकाला परवडते. मे 2022 मध्ये एनव्हिडियाने कर्नल मोड्यूलचा सोर्स खुला केला, ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. त्यात ही विभागणी स्पष्ट दिसते: कर्नल-ओपन डिरेक्टरीत लिनक्सशी बोलणारा थर, आणि एसआरसी डिरेक्टरीत ओएस-निरपेक्ष गाभा. गाभा कर्नलाकडे मेमरी, लॉक, टायमर, पीसीआय वगैरे मागतो तो ठरावीक फंक्शनांच्या यादीतून. ती यादी दुसऱ्या कर्नलावर भरली की गाभा तिथे उभा राहतो. पण यादी कोणी ठरवली? ज्यांच्याकडे कार्डाची कागदपत्रं आहेत आणि सगळ्या ओएसवर चाचणी करणारी माणसं आहेत, त्यांनी.

बाहेरच्या समुदायाला तसा गाभा सांभाळणं का जड जातं, हे एएमडीच्या डिस्प्ले कोडवरून कळतं. 2016 मध्ये डीसी, म्हणजे तेव्हाचं डीएएल, लिनक्सकडे आलं ते अनेक ओएससाठी सामायिक असलेल्या हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन थरासकट. डीआरएमच्या मेंटेनरने तो थर घ्यायला स्वच्छ नकार दिला. कारण रास्त होतं: लिनक्समध्ये कोणी अ‍ॅटॉमिक मोडसेटिंगची (पडद्याचे सगळे बदल एकत्र लावण्याची) रचना बदलली तर त्याला प्रत्येक ड्रायव्हर दुरुस्त करता आला पाहिजे, आणि मध्ये परका थर असला की ते जमत नाही. बरीच साफसफाई होऊन डीसी 4.15 मध्ये आत आलं. गणिताचा भाग मात्र अजूनही मूळ वळणाचाच आहे. बँडविड्थ आणि घड्याळांचे हिशोब फ्लोटिंग पॉइंटमध्ये चालतात, म्हणून डीसी पोर्ट करणाऱ्या प्रत्येक कर्नलाला आपल्याच कोडसाठी एफपीयू (सीपीयूतला फ्लोटिंग पॉइंट गणिताचा भाग) सुरक्षितपणे उघडून बंद करायची सोय द्यावी लागते. फ्रीबीएसडीत ती एफपीयू_कर्न_एंटर आणि लीव्हवर बेतली आहे.

इथली नेहमीची चूक: एफपीयू उघडा असताना झोपणारं फंक्शन बोलावणं किंवा उघड-बंद एकात एक घालणं. लक्षण लगेच दिसत नाही. भलत्याच प्रोग्रामच्या गणितात कचरा येतो किंवा मोड लावताना ट्रॅप येतो.

पृष्ठदोष

मेमरीबद्दल लिहितो, कारण पोर्टचे निम्मे दिवस तिथेच जातात.

लिनक्सचा ड्रायव्हर स्ट्रक्ट पेज (मेमरीच्या एका पेजची नोंद) हातात धरून चालतो. फ्रीबीएसडीत त्याच्या जागी व्हीएम_पेज बसवता येतं, ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीत यूव्हीएमच्या (त्यांची आभासी मेमरी व्यवस्था) अनामिक ऑब्जेक्टमागे जेमचे बफर ठेवले जातात. तत्त्व एक असलं तरी खाचखळगे वेगळे.

पहिला खळगा सलग मेमरीचा. लिनक्सचा केमॅलॉक (मेमरी मागण्याचं फंक्शन) भौतिकदृष्ट्या सलग मेमरी देतो. बीएसडीचा मॅलॉक एका पेजपेक्षा मोठ्या तुकड्यासाठी आभासी पत्ता सलग देतो, खालची पेजं कुठलीही असू शकतात. शिमने केमॅलॉक थेट मॅलॉकवर टाकला तर बहुतेक ड्रायव्हर चालतात, कारण बहुतेकांना सलगपणा लागतच नाही. ज्याला लागतो तो त्या पत्त्यावर डीएमए (सीपीयूला वगळून कार्डाने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) लावतो आणि शेजारच्या पेजवर लिहून मोकळा होतो. उलट टोकाला जाऊन सगळे मोठे केमॅलॉक सलग वाटपाकडे वळवले, तर मशीन काही दिवस चालल्यावर मेमरीचे तुकडे पडतात आणि सलग जागा शोधताना डेस्कटॉप क्षणभर गोठतो. बरोबर वाटणी अशी: केव्हीमॅलॉक, व्हीमॅलॉक आणि नुसत्या ॲरेसाठी घेतलेली मेमरी साध्या मॅलॉकवर, खरोखर डीएमएला जाणारी मेमरी डीएमए एपीआयमधून. सरसकट नियम लावू नका, बोलावणारी जागा उघडून बघा.

दुसरा खळगा कॅशिंगचा. बफर राइट-कंबाइन्ड (लिखाण साठवून एकत्र पाठवणारा) असेल तर कर्नलातलं मॅपिंग आणि प्रोसेसमधलं मॅपिंग दोन्हींचा गुणधर्म एकच हवा. फ्रीबीएसडीत व्हीएम_मेमॲटर_राइट_कंबाइनिंग पेजवर लावायचं आणि पेज परत करताना मूळ गुणधर्म आठवणीने फिरवायचा. पहिलं विसरलं तर चित्र मंद चालतं किंवा बारीक आडव्या रेघा दिसतात. दुसरं विसरलं तर ते पेज पुढे ज्याच्या वाट्याला येतं तो विनाकारण मंदावतो, आणि दोष शोधणारा माणूस ग्राफिक्सकडे वळूनही बघत नाही.

तिसरा श्रिंकरचा. मेमरी कमी पडली की लिनक्स ड्रायव्हरला "थोडी सोड" असं सांगतो. फ्रीबीएसडीत हे व्हीएम_लोमेम या घटनेला जोडलेलं आहे. सुरुवातीला श्रिंकर रिकामा ठेवला तरी चालतं, पण तो तसाच राहिला तर टीटीएमचे पूल फुगत जातात आणि स्वॅप सुरू होतो.

व्यत्यय

लॉकबद्दल भर घालतो. लिनक्सच्या स्पिनलॉकमध्ये (न झोपता फिरत वाट बघणारा लॉक) दोन वचनं असतात: मी झोपणार नाही, आणि आयआरक्यूसेव्ह म्हटलं तर या सीपीयूवर इंटरप्टही येणार नाही. फ्रीबीएसडीत इंटरप्टचं काम स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतं, म्हणून लिनक्सकेपीआयने स्पिनलॉकच्या जागी साधा म्युटेक्स वापरला तरी निभावतं. ओपनबीएसडीत इंटरप्टची पातळी खरोखर अडवावी लागते, म्हणून त्यांचा स्पिनलॉक म्हणजे आयपीएल (इंटरप्टची पातळी) ठरवून दिलेला म्युटेक्स, आणि लिनक्सचा म्युटेक्स म्हणजे आरडब्ल्यूलॉक. एकाचं भाषांतर दुसऱ्याकडे उचलून नेलं तर कंपाइल होईल आणि अडकेल.

आरसीयूचंही (लॉक न घेता वाचू देण्याची लिनक्सची पद्धत) तसंच. फ्रीबीएसडीत ते कन्करन्सी किटच्या एपॉकवर उभं आहे. नुसतं "वाचताना काही करू नका, सोडताना लगेच फ्री करा" असं लिहिलं तर डीएमए-फेन्स (कार्डाचं काम संपल्याची खूण) वाचणाऱ्याच्या हातून मेमरी निसटते. हे तासन् तास दिसत नाही, मग ब्राउझरमध्ये व्हिडिओ सुरू असताना पॅनिक होतो, म्हणजे कर्नल कोसळतं.

जिफीज हा लिनक्सचा वेळ मोजणारा आकडा अजून एक. लिनक्सवर तो अनसाइन्ड लाँग, 64 बिटी मशीनवर ओलांडायची भीती नाही. फ्रीबीएसडीचा पारंपरिक टिक्स हा 32 बिटी इंट, आणि सेकंदाला 1000 टिक्स धरले तर साधारण 25 दिवसांत त्याचं चिन्ह पलटतं. बरं म्हणजे फ्रीबीएसडी तो मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू करते की बूटनंतर 10 मिनिटांतच तो उलटतो, त्यामुळे वेळेची तुलना टाइम_आफ्टरऐवजी थेट "मोठा की लहान" अशी केली असेल तर ती लगेच उघडी पडते. नव्या शिमची पहिली चाचणी म्हणून मशीन 10 मिनिटांच्या पुढे चालू ठेवून बघावंच.

प्रतीक्षारांग

@व्यत्यय, वेट क्यू (घटनेची वाट बघणाऱ्या थ्रेडची रांग) राहिली, आणि सर्वांत वाईट दोष तिथेच दडतो.

लिनक्सचा वेट_इव्हेंट आधी स्वतःला रांगेत लावतो, आपली अवस्था "झोपतोय" अशी मांडतो, आणि मग अट तपासतो. म्हणून अट तपासणं आणि झोपणं यांच्या मधल्या फटीत वेक_अप आला तरी तो हरवत नाही. बीएसडीच्या कंडिशन व्हेरिएबलचा करार निराळा आहे: अटीचं रक्षण करणारा लॉक हातात असताना तपासायचं, आणि जागं करणाऱ्यानेही तोच लॉक धरायचा. लिनक्सच्या कोडमध्ये जागं करणारा पुष्कळदा कुठलाच संबंधित लॉक धरत नाही. वेट_इव्हेंट भोळेपणाने कंडिशन व्हेरिएबलवर टाकला की जाग हरवते. फेन्स सुटलेला असतो, थ्रेड झोपलेलाच. एएमडीजीपीयूवर ग्राफिक्स रिंगची मुदत सहसा 10 सेकंद असते, म्हणून पडदा तेवढा वेळ गोठतो आणि लॉगमध्ये रिंग टाइमआउट येतो. वाचणारा म्हणतो कार्ड लटकलं. कार्डाने काम कधीच संपवलेलं असतं.

नेटबीएसडीने इथे मुद्दाम वेगळी वाट धरली. ड्रायव्हरमधले वेट_इव्हेंट बदलून, कुठला लॉक ते स्पष्ट सांगावं लागेल असे डीआरएम_स्पिन_वेट_अन्टिल जातीचे मॅक्रो घातले. तपासायला हे फार चांगलं. किंमत ही की दर आयातीला ते बदल पुन्हा जुळवावे लागतात. नेटबीएसडी 7 मध्ये लिनक्स 3.15 चा डीआरएम होता, 2024 च्या नेटबीएसडी 10 मध्ये 5.6 चा. ओपनबीएसडीने हेडर्स लिनक्ससारखीच वागवली आणि लिनक्सच्या दीर्घकालीन शाखा धरल्या: 7.4 मध्ये 6.1, 7.5 मध्ये 6.6, 7.7 मध्ये 6.12. ड्रायव्हरमध्ये जितके बदल कमी, तितकी आयात लवकर, हे या आकड्यांत दिसतं. तरी नेटबीएसडीची वाट चूक होती असं मी म्हणणार नाही. त्या मॅक्रोंनी प्रत्येक प्रतीक्षेमागचा लॉक कागदावर आणला, आणि ते वाचून इतर कोणालाही आपला शिम तपासता येतो.

एरर कोडची एक जोडी सगळ्यांनी पाठ करावी. लिनक्सवर ईअगेन 11 आणि ईडेडलॉक 35. बीएसडीवर बरोबर उलट, ईडेडलॉक 11 आणि ईअगेन 35. डब्ल्यूडब्ल्यू म्युटेक्स (एकाच वेळी अनेक घ्यायचे लॉक) भिडले की ड्रायव्हर ईडेडलॉक परत करतो, सगळे लॉक सोडून पुन्हा घेतो. कुठे आकडा थेट लिहिला असेल किंवा लिनक्सचा बायनरी भाषांतराविना चालवला, तर "लॉक सोड" च्या जागी "तसाच पुन्हा कर" असा अर्थ लागतो आणि दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत बसतात. शिवाय लिनक्सच्या कर्नलात चुका ऋण आकड्यांत, बीएसडीत धन आकड्यांत. चिन्ह फक्त एका जागी, शिमच्या दारात बदला.

खुलापरवाना

परवान्याचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. डीआरएमचा गाभा, आय915, एएमडीजीपीयू, रेडिऑन, नूवो (एनव्हिडियासाठीचा) हे एमआयटी परवान्यात आहेत, म्हणूनच हा सगळा खटाटोप शक्य आहे. पण त्यांच्या पायाखालचं सगळं एमआयटी नाही. डीएमए-बफ (ड्रायव्हरांमध्ये बफर वाटून घेण्याची सोय) आणि डीएमए-फेन्सच्या मूळ फाइली जीपीएल आवृत्ती 2 मध्ये आहेत. शेजारची डीएमए-रिझर्व मात्र एमआयटी धाटणीची, कारण ती टीटीएमच्या बाजूने आली. रेड-ब्लॅक ट्री, आयडीआर, एक्सॲरे, वर्कक्यू हे कर्नलाचे सामान्य भाग जीपीएल. बीएसडीच्या मुख्य कर्नलात जीपीएल कोड घेत नाहीत, म्हणून तिथे जाणारा शिम नव्याने लिहावा लागतो, फंक्शनचं नाव आणि वागणूक ठेवून.

व्यवहारात: आयात करताना प्रत्येक फाइलच्या डोक्यावरची एसपीडीएक्स (परवाना सांगणारी) ओळ यंत्राने वाचा आणि यादी बनवा. डिरेक्टरी एमआयटी आहे म्हणून आतली प्रत्येक फाइल तशीच असेल असं धरू नका. एआरएम एसओसींचे बरेच डिस्प्ले ड्रायव्हर जीपीएलच आहेत.

आणि पुढचा धोका रस्टचा. एनव्हिडियासाठीचा नोव्हा हा ड्रायव्हर रस्टमध्ये लिहिला जातोय, त्याचा पहिला भाग लिनक्स 6.15 मध्ये आला. तो जीपीएल 2 मध्ये आहे, आणि ज्या कर्नल क्रेटवर (रस्टमधली लायब्ररी) तो उभा आहे तोही. सी हेडर्सची जागा घेणारा शिम लिहिणं ओळखीचं झालंय. रस्टच्या टाइप्स आणि लाइफटाइम्ससकट तोच करार नव्याने लिहिणं हे कितीतरी मोठं काम आहे, आणि ते सुरू करण्याआधी लिनक्सकडे दुहेरी परवान्याची विनंती करणं शहाणपणाचं. कोड कोवळा असताना लेखक मोजके असतात. नंतर शंभर जणांची संमती कोण गोळा करणार?

मेसावाचक

मी वरच्या सांध्याबद्दल बोलतो. @सांधेजोड म्हणतात तो हलत नाही हे खरं, पण तो सगळीकडे सारखा दिसत नाही.

आयऑक्टलचा क्रमांकच घ्या. लिनक्सवर "लिही" आणि "वाच" या दिशांचे बिट बीएसडीच्या बरोबर उलटे आहेत, आणि आकारासाठी लिनक्स 14 बिट ठेवतो, बीएसडी 13. म्हणून डीआरएमच्या यूएपीआय हेडरमध्ये बीएसडीसाठी स्वतंत्र शाखा आहे, आणि त्या त्या ओएसवर पुन्हा कंपाइल केलेला मेसाच चालतो. दुसरा फरक असा की बीएसडीचं कर्नल आयऑक्टलचा डेटा ड्रायव्हरपर्यंत पोचण्याआधी स्वतःच कॉपी करून ठेवतं, तर लिनक्सचा ड्रायव्हर कॉपी_फ्रॉम_यूझर स्वतः बोलावतो. लिनक्सकेपीआयने यावर छान तोड काढली आहे: ड्रायव्हरला 0x10000 पासून सुरू होणारा एक बनावट पत्ता देतात, आणि त्यांचा कॉपी_फ्रॉम_यूझर तो पट्टा ओळखून आधीच आलेल्या प्रतीतून वाचतो. नवा शिम लिहिणाऱ्याने हे जरूर वाचावं.

स्ट्रक्चर काळानुसार शेपटाकडून वाढतात. जुन्या मेसाकडून लहान तुकडा आला तर डीआरएमचा गाभा उरलेले बाइट शून्य करतो. हा भाग शिमने गाळला तर नवं कर्नल आणि जुना मेसा अशी जोडी मधूनच ईइनव्हल (चुकीचं इनपुट) देते.

सिसएफएस (उपकरणांची माहिती फाइलींतून दाखवणारी लिनक्सची सोय) नसणं ही रोजची अडचण. लिनक्सवर लिबडीआरएम (मेसा आणि कर्नल यांच्यामधली लायब्ररी) कार्डाचा पीसीआय पत्ता सिसएफएसमधून वाचतो. फ्रीबीएसडीसाठी तिथे एचडब्ल्यू.डीआरआयखालचा बसआयडी हा सिसकंट्रोल (कर्नलाने बाहेर दाखवलेलं मूल्य) वाचणारा कोड आहे, ओपनबीएसडीसाठी खास आयऑक्टल आहे. नव्या ओएसवर हे भरलं नाही तर कर्नल ठणठणीत असूनही मेसा गुपचूप एलएलव्हीएमपाइपवर (सीपीयूवर चालणारा सॉफ्टवेअर रेंडरर) उतरतो. जीएलएक्सइन्फोमध्ये रेंडरर बघा, तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं की कर्नलात खोदण्याआधी लिबडीआरएमची उपकरण यादी तपासा.

बीएसडीवर मेसा जो इशारा छापतो, की दोन डीआरएम फाइल डिस्क्रिप्टर एकच आहेत का ते ठरवता आलं नाही, त्याचं मूळ केसीएमपी हा लिनक्सचा सिस्टिम कॉल. फ्रीबीएसडीने तो नंतर आणला. इशारा बहुधा निरुपद्रवी, पण एकाच प्रोसेसमध्ये व्हीए-एपीआय (व्हिडिओ डिकोडिंगसाठीचं) आणि ओपनजीएल एकमेकांना बफर देत असतील तर त्याचा संबंध तपासावा. ईटाइम हा एरर कोड फ्रीबीएसडीत मुळात नाही, म्हणून लिबडीआरएममध्ये तो ईटाइमडआउट असा धरलेला आहे. शिमनेही तोच परत करायला हवा, नाहीतर मुदत संपणं ही चूक समजली जाते.

एक कळकळीची विनंती: ड्रायव्हरची आवृत्ती खोटी सांगू नका. मेसा एएमडीजीपीयूचा मायनर क्रमांक वाचून कुठली सोय वापरायची ते ठरवतो. सिंकऑब्जेक्टची टाइमलाइन अर्धवट असताना क्रमांक पुढचा सांगितला, की व्हल्कनचा प्रोग्राम कधीच न सुटणाऱ्या फेन्सवर थांबतो.

नवखा_पोर्टर

हे सगळं वाचून कामाला हात कुठून घालायचा ते कळेना. समजा कर्नल वेगळंच आहे, बीएसडी नाही. क्रम काय ठेवावा?

सांधेजोड

क्रम जमेल तसा सांगतो. लिनक्सची एक दीर्घकालीन शाखा निवडा आणि तिचा एकच टॅग पक्का धरा. तो कोड एका स्वतंत्र ब्रँचवर अक्षरही न बदलता चढवा. तुमचे बदल दुसऱ्या ब्रँचवर, प्रत्येक बदल एका कारणाचा. पुढच्या टॅगला जाताना ही शिस्त नसेल तर विलीनीकरणात आठवडे जातात.

मग कंपाइल करा आणि लिंकरला जे सापडत नाही त्याची यादी घ्या. प्रत्येक न सापडलेल्या फंक्शनसाठी नाव छापून थांबणारं रिकामं फंक्शन यंत्राने तयार करा. जेनोडची मंडळी हेच करतात, त्यांच्याकडे त्यासाठी साधन आहे, आणि लिनक्सची खरी हेडर्स वापरल्यामुळे स्ट्रक्चरचे आकार चुकत नाहीत. ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. शून्य परत करणारं मुकं फंक्शन लिहू नका. ते आज कंपाइल होतं आणि तीन महिन्यांनी बफर फाडतं.

बांधणीचा क्रम: आधी डीआरएमचा गाभा, मग डीएमए-फेन्स आणि रिझर्व, त्यावर जेम किंवा टीटीएम, त्यावर जीपीयू शेड्युलर, शेवटी ड्रायव्हर. पहिलं ध्येय फक्त पडद्यावर चित्र. आय2सीवरून ईडीआयडी (पडद्याने दिलेली स्वतःची माहिती) वाचला जातो का, मोड लागतो का, हे मोडटेस्टने बघा. मग मॅप केलेला बफर, मग इंटरप्ट आणि व्हीब्लँक (दोन चित्रांमधली फट), मग एकच रेंडर काम आणि त्याचा फेन्स. केएमएसक्यूब (फिरता घन दाखवणारी चाचणी) फिरला की मेसाकडे वळा, व्हीकेक्यूब त्यानंतर. आयजीटीचा चाचणीसंच शक्य तितका लवकर लावा. सस्पेंड-रिझ्यूम शेवटी ठेवा, कारण तिथे मागच्या प्रत्येक पायरीची उणीव एकदम बाहेर येते.

डीआरएमच्या डीबगचा बिटमास्क 0x4 मोडसेटिंग दाखवतो, 0x10 अ‍ॅटॉमिक, 0x100 डिस्प्लेपोर्ट. सगळे एकदम लावू नका, व्हीब्लँकच्या ओळींत बाकीचं बुडून जातं.

काळा_पडदा

विषयाला धरूनच एक व्यावहारिक प्रश्न. फ्रीबीएसडीवर मोड्यूल लोड केला की पडदा काळा. शिमचा दोष की मांडणीचा?

व्यत्यय

बहुतेक वेळा मांडणीचा. या गोष्टी क्रमाने बघा.

मोड्यूल आणि कर्नल जुळतात का? डीआरएम-केमॉडचे (फ्रीबीएसडीसाठीचे डीआरएम ड्रायव्हर) पोर्ट 510, 515, 61, 66 असे लिनक्सच्या आवृत्तीवरून ओळखले जातात, पण ते कंपाइल होतात फ्रीबीएसडीच्या ठरावीक कर्नलाविरुद्ध. लिनक्सकेपीआय मुख्य कर्नलात आहे आणि ड्रायव्हर बाहेर, म्हणून बिंदू-आवृत्ती बदलली की जुन्या कर्नलावर बांधलेलं पॅकेज नव्यावर लोड होत नाही, किंवा होऊन पॅनिक करतं. यासाठी आता कर्नल मोड्यूलचा वेगळा पॅकेज रेपो आहे. तो वापरा किंवा पोर्टमधून स्वतः बांधा.

मोड्यूल आरसी.कॉन्फमधल्या केएलडी_लिस्टमध्ये लिहा, लोडर.कॉन्फमध्ये नाही. नावं: आय915केएमएस, एएमडीजीपीयू, रेडिऑनकेएमएस. लोडरच्या टप्प्यावर रूट फाइलसिस्टिम माउंट नसते आणि ड्रायव्हरला हवं ते फर्मवेअर मागून आणता येत नाही.

फर्मवेअर आलं का? ड्रायव्हर लिनक्सच्या नावाने फाइल मागतो, आणि मोड्यूल रूपातल्या फर्मवेअरसाठी शिम त्या नावातल्या तिरप्या रेघा आणि टिंबं अंडरस्कोअरमध्ये बदलून शोधतो. लॉगमध्ये दिसणारं नाव आणि पॅकेजचं नाव वेगळं वाटतं ते त्यामुळे. ओपनबीएसडीत एफडब्ल्यू_अपडेट फाइली ईटीसी-फर्मवेअरमध्ये ठेवतं आणि एएमडीजीपीयू रूट माउंट होईपर्यंत थांबतो, म्हणून तिथे ही तक्रार कमी.

जुन्या आवृत्तीवर यूईएफआय बूट आणि एएमडीजीपीयू असेल तर ईएफआयचा फ्रेमबफर आणि ड्रायव्हर एकाच मेमरीवर हक्क सांगतात. लोडर.कॉन्फमध्ये एचडब्ल्यू.सिसकॉन्स.डिसेबल=1 लावून बघा. मोड्यूल लोड होईपर्यंत पडदा कोराच राहील, म्हणून आधी एसएसएच चालू करून ठेवा. आणि तुमचा यूझर व्हिडिओ गटात हवा, नाहीतर कन्सोल उत्तम पण वेलँड (ग्राफिकल डेस्कटॉप) उघडत नाही.

ड्रायव्हरचे लिनक्समधले पॅरामीटर कॉम्पॅट.लिनक्सकेपीआयखाली सिसकंट्रोल म्हणून मिळतात. चमकणाऱ्या लॅपटॉप पडद्यासाठी आय915चा पीएसआर (चित्र स्थिर असताना पडद्याने ते स्वतःच धरून ठेवणं) बंद करून बघणं ही पहिली चाचणी.

पृष्ठदोष

हैकू या ओएसचा उल्लेख राहू नये. त्यांनी फ्रीबीएसडीचे नेटवर्क ड्रायव्हर सुसंगती थरावर घेतले आणि ते चांगलं चाललं, म्हणून ग्राफिक्सचंही तसंच करा अशी सूचना पुन्हा पुन्हा येते. फरक असा की नेटवर्क कार्डाला वरून पाकीट देता-घेता आलं की झालं. ग्राफिक्सला प्रोसेसच्या पत्त्यांत बफर मॅप करायचे असतात, प्रोसेस मेली की ते आवरायचे असतात, आणि एका प्रोसेसचा फेन्स दुसरीच्या डिस्क्रिप्टरमधून पोचवायचा असतो. म्हणजे सुसंगती थर व्हीएम आणि फाइल डिस्क्रिप्टरच्या आत शिरतो. त्यांचे इंटेल आणि रेडिऑनचे स्वतःचे ड्रायव्हर मोड लावतात, थ्रीडी मात्र मेसाच्या सॉफ्टवेअर रेंडररवर चालतं.

प्रतीक्षारांग

> सुसंगती थर व्हीएम आणि फाइल डिस्क्रिप्टरच्या आत शिरतो

आणि याच कारणाने सर्व बीएसडींसाठी एकच लिनक्सकेपीआय होत नाही. यादी, आयडीआर, एक्सॲरे, बिटमॅप, केरेफ, एचडीएमआय इन्फोफ्रेम, बॅकलाइटची हेडर्स हे कुठल्याही कर्नलाच्या पोटाला न लागणारे भाग आहेत. ते एका ठिकाणी, बीएसडी परवान्यात, चाचण्यांसकट ठेवता येतील. आज प्रत्येकजण एक्सॲरे स्वतंत्रपणे लिहितो आणि तिथल्या त्याच चुका स्वतंत्रपणे शोधतो.

दुसरं म्हणजे पॅच वर, म्हणजे मूळ लिनक्सकडे, पाठवा. गहाळ हेडर, 4096 असा थेट लिहिलेला पेजचा आकार, ॲटॉमिक वाचन विसरलेली जागा, हे सगळं लिनक्सलाही हवंच असतं. "बीएसडीवर मोडतं" हे कारण देऊ नका. "16 केबी पेज असलेल्या एआरएम कर्नलावर मोडतं" किंवा "केसीएसएएनला शर्यत दिसते" (केसीएसएएन म्हणजे थ्रेडमधल्या शर्यती शोधणारं लिनक्सचं साधन) असं तपासता येणारं कारण द्या, आणि पॅच लिनक्सवर चालवून मग पाठवा. मेलिंग यादीचा पत्ता मेंटेनर्स फाइलमध्ये त्या डिरेक्टरीपुढे असतो, आणि गेट_मेंटेनर ही स्क्रिप्ट तो काढून देते.